आमच्या सोसायटीचा जमैका

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने वर्षभर जमैकाचा अभ्यास केला असं मी कुणाला सांगितलं, की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, "मुलगा तिकडे असतो का?" मुलगा तिकडे नसतो. मुलगा वाकडला असतो, आणि आमच्या ताथवड्यापासून वाकड हाकेच्या अंतरावर असूनही तो जमैकात असल्यासारखाच भेटतो. पण त्याचा या अभ्यासाशी काही संबंध नाही. अभ्यास सुरू झाला तो एका चिठ्ठीमुळे.

शेजारच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांनी आदल्या वर्षी स्वित्झर्लंडचा अभ्यास केला होता. म्हणजे तिथे जाऊन आलेल्या तीन जोडप्यांनी आपले फोटो भिंतीवर दाखवले होते आणि शेवटी सगळ्यांना चॉकलेटं वाटली होती. हे आमच्या अध्यक्षांच्या फार मनाला लागलं. अध्यक्ष एका मोटार कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मंडळाची बैठकही ते सकाळच्या शिफ्टचा आढावा घेतल्यासारखी घेतात. हळदीकुंकवाचं नियोजनसुद्धा त्यांनी एकदा 'टार्गेट' आणि 'अचीव्हमेंट' अशा दोन रकान्यांत मांडलं होतं. त्यांनी ठरवलं, आपणही एक देश घ्यायचा, पण फोटोंवर भागवायचं नाही. सिनेमे बघायचे, पुस्तकं वाचायची, इतिहास, राजकारण, संस्कृती, सगळं करायचं. देश कुठला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर पोळ्यांच्या डब्यात चिठ्ठ्या गोळा झाल्या. अध्यक्षांनी एक उचलली. त्यांचा चष्मा गळ्यात साखळीला असतो, डोळ्यांवर क्वचित. चिठ्ठी लांब धरून, मान मागे घेऊन त्यांनी जाहीर केलं, "जमैका!"

मग एक जण "वा" म्हणाला आणि मग सगळेच "वा, वा" म्हणाले. प्रत्येकाला वाटलं, आपल्यात कुणीतरी फार मोठा व्यासंगी माणूस लपलेला आहे आणि आपलं अज्ञान त्याच्यासमोर उघडं पडायला नको. जमैकाबद्दल आमच्या मंडळाचं एकूण ज्ञान एवढंच होतं, की ट्रान्झिस्टरच्या काळात तिकडचे वेगवान गोलंदाज आपल्या फलंदाजांच्या बरगड्या शेकायचे. तरी एकाने "अतिशय समृद्ध संस्कृती आहे" असं ठोकून दिलं, आणि त्यावर माना हलल्या.

मला अभ्यासप्रमुख केलं. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तेव्हा वाचायची सवय मलाच असणार, असा हिशेब. माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते. मला चुकीचं मराठी ऐकवत नाही आणि बघवत तर त्याहून नाही. सोसायटीच्या सूचनाफलकावर 'लिफ्ट मध्ये थुंकू नये' असं तोडून लिहिलेलं दिसलं, की मला थुंकणाऱ्याचा कमी आणि लिहिणाऱ्याचा जास्त राग येतो. मी पर्समधून लाल पेन काढून ते जोडते. पुढ्यात सगळे मला 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'लाल पेन'. मला दोन्ही चालतं.

मंडळाचं इतिवृत्तही मीच लिहिते. पुढच्या आठवड्यात त्या वहीत निवडलेली चिठ्ठी चिकटवायला घेतली आणि मला दिसलं, की तिच्यावर जमैका लिहिलेलंच नाही. पेन्सिलने, थरथरत्या हाताने, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'जमंल का'.

अक्षर कुणाचं, हे ओळखायला फार डोकं लागलं नाही. मंडळात पेन्सिल फक्त आबा वापरतात. आबा म्हणजे आमच्या सोसायटीचे मूळ जागामालक. ए विंग आहे तिथे त्यांची ज्वारी असायची. बिल्डरने जागेच्या बदल्यात त्यांना ए विंगमध्येच फ्लॅट दिले. मंडळात ते दर रविवारी येत. आम्ही सगळे बूट-चपला घालून क्लब हाउसमध्ये शिरतो. ते मात्र चप्पल दाराबाहेर काढत, टोपी सारखी करत आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसत. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून बैठकीत एक शब्द आला नव्हता. आम्ही समजत होतो, त्यांना ऐकायला कमी येतं.

मी चिठ्ठी घेऊन त्यांना बागेतल्या बाकावर गाठलं.

"आबा, ही चिठ्ठी तुमची?"

"व्हय."

"यावर देशाचं नाव लिहायचं होतं."

"देस कुटला लिवनार, बाई? मला पावन्यारावळ्यांची गावं म्हाईत. म्या निस्तं इचारलं."

"काय विचारलं?"

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्यावानी मानसाला तुमच्यात बोलाया जमंल का, म्हनून. तुमचा ह्यो मिटिंगीचा हाल हाय न्हवं, हितं आमचं खळं व्हतं. ह्या खळ्यावर म्या लई बोललोय. पन हाल झाल्यापास्नं येक सबुद न्हाई. मरायच्या आदी येकडाव बोलावं, वाटतंय."

त्यावर 'बोला की आबा' एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "जमंल असा शब्द नाही, आबा. जमेल. वर टिंब नाही, 'म'ला मात्रा आहे." आज ते आठवलं, की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आबांनी मात्र मान डोलावली. मी पुढे सांगितलं, की वर्षाच्या शेवटी मंडळाचा कार्यक्रम आहे, ज्याला बोलायचं त्याने दहा मिनिटं बोलायचं, फक्त जमैकावर आणि शुद्ध मराठीत.

"सुद व्हय," आबा म्हणाले, "मंग बगू."

चिठ्ठीची गोष्ट मी अध्यक्षांना सांगितली नाही. तोवर त्यांनी शेजारच्या सोसायटीला जमैका कळवून टाकला होता आणि तिकडून 'इंटरेस्टिंग' असं उत्तरही आलं होतं. माघार घेण्याची सोयच राहिली नव्हती.

मग सुरू झाला आमचा अभ्यास. प्रोजेक्टर चालवायला बी विंगमधले चाचा. चाळीस वर्षं त्यांनी हायवेलगत गॅरेज चालवलं आहे, त्यामुळे कुठलंही यंत्र त्यांच्यापुढे फार वेळ नखरे करत नाही. प्रत्येक रविवारी एक सिनेमा किंवा माहितीपट, आणि एक रविवार सोडून पुस्तकातला एखादा भाग. पुस्तकं इंग्रजीत, ती मी शब्दकोश घेऊन वाचायची आणि मराठीत सांगायची.

पहिल्या सिनेमात राजधानीतल्या गरीब वस्त्या होत्या. स्वातंत्र्य मिळालं, दोन मोठे पक्ष झाले, जो पक्ष निवडून येईल त्याने आपल्या मतदारांना घरं बांधून द्यायची, नळ द्यायचे, कामं द्यायची. होता होता अख्ख्या वस्त्याच एकेका पक्षाच्या झाल्या. भिंतींना पक्षाचे रंग. या रंगाच्या माणसाने रस्ता ओलांडून त्या रंगाच्या नळावर पाणी भरलं, तर तो धड परत येईल याची खात्री नाही. सिनेमा संपल्यावर अध्यक्ष उभे राहिले आणि फार कळवळून म्हणाले, "पाण्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात! किती मागासलेलं राजकारण!"

हे त्यांनी ज्या दिवशी म्हटलं, त्याच्या आदल्याच दिवशी ए विंगच्या टाकीत जाणारा टँकर बी विंगवाल्यांनी गेटवर अडवून आपल्या टाकीत ओतून घेतला होता. त्याचा बदला म्हणून ए विंगने क्लब हाउसची किल्ली लपवली होती, आणि म्हणून आम्ही सिनेमा अर्धा तास उशिरा सुरू केला होता. शिवाय सोसायटीची निवडणूक तोंडावर असल्याने अध्यक्षांच्या पॅनेलने ए विंगची लॉबी नुकतीच फिकट हिरवी रंगवून घेतली होती. बी विंगची लॉबी बिल्डरने दिली तशीच होती, पोपडे आलेली. अंधारात मागून कुणीतरी फुसकन हसलं. चाचांनी दिवा लावला तेव्हा आबा टोपीने तोंड पुसत होते. त्यांना ऐकायला कमी येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

इतिहासाची गाडीही अशीच अडखळत गेली. इंग्रजांचे उसाचे मळे, आफ्रिकेतून धरून आणलेली गुलाम माणसं, आणि त्यांतले काही पळून डोंगरात गेले, तिथे गावं वसवून वर्षानुवर्षं गोऱ्यांशी लढले, हे मी सांगत होते. या डोंगरातल्या लोकांना 'मरून' म्हणतात. मी फळ्यावर लिहिलं: 'मरून लोक गोऱ्यांशी लढले.' मंडळात चलबिचल झाली. एका आजींनी हात वर केला. "मरून कसे लढले, बाई? भुतं होती का?" दुसऱ्यांना वाटलं, त्यांच्या झेंड्याचा रंग मरून असावा. मी तासभर घसा फोडून समजावलं. बाहेर पडताना आबा हळूच म्हणाले, "बराबर हाय की नाव. येकदा मेल्यालं मानूस कुनाला भ्यानार?" मी त्यांना 'मेलेलं' असं दुरुस्त केलं, पण घरी आल्यावर इतिवृत्तात त्यांचं वाक्य लिहून ठेवलं. अर्थात शुद्ध करून.

गुलामी बंद झाल्यावर गोऱ्यांनी हिंदुस्तानातून करारावर मजूर नेले, हे कळल्यावर मंडळात एकदम आपलेपणा आला. गांजा हा शब्दही तिकडे आपल्याच लोकांबरोबर गेला म्हणतात, हे सांगताच जन्मात विडी न ओढलेल्या माणसांच्या छात्या फुगल्या. आपण जगाला शून्य दिलं, योग दिला आणि हेही दिलं, असं एकाने बोटांवर मोजून दाखवलं. मग चाचांनी विचारलं, "बाई, ते करारवाले मजूर म्हणजे आपल्या चाकणला कंपनीच्या बसमधून येतात तसली पोरं का? एका खोलीत आठ-आठ, मुदत संपली की गाठोडं उचलायचं?"

अध्यक्षांच्या कारखान्यात निम्मी माणसं कंत्राटावरची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्ष म्हणाले, "तो वेगळा विषय आहे. आपण जमैकावर फोकस ठेवू." आणि आम्ही फोकस ठेवला. दूरच्या माणसांच्या दुःखावर डोळे ओले करायला आमच्या मंडळाला कधीच जड गेलं नाही. दुःखाने फक्त तळेगावच्या अलीकडे येऊ नये.

पावसाळा संपता संपता तो सिनेमा आला, ज्याने माझी सगळी घडी विस्कटली. खेड्यातल्या एका म्हाताऱ्याची साधी गोष्ट. त्याला पोलीस पकडून नेतात आणि काहीबाही विचारतात. पण माणसं बोलत होती ती भाषा कुणालाच कळेना, आणि चाचांनी आणलेल्या प्रतीत खालच्या ओळीही उमटेनात. ती तिथली लोकभाषा. शाळेत, कचेरीत इंग्रजी आणि घरात, बाजारात, भांडणात ही. अध्यक्ष वैतागले. आयुष्यभर परदेशी साहेबांशी इंग्रजीत बोललेला माणूस. "हे इंग्रजी नाहीच," ते म्हणाले. "मोडकंतोडकं आहे. अशिक्षित लोक. पुढे पळवा." मीही मान हलवली. अशुद्धाबद्दल कुणी तक्रार केली, की माझी मान आपोआप हलते.

पडद्यावर पोलिसाने काहीतरी दरडावून विचारलं. म्हातारा म्हणाला, "मी नुह नो."

"त्यो म्हनतुया, मी न्हाई," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आबा होते. आपण बोलून गेलो हे कळल्यावर ते अर्धे उठले, निघून जायला. चाचांनी सिनेमा थांबवला. "बसा हो आबा. काय म्हणाला तो?"

"मी न्हाई म्हनला. म्हंजे म्या न्हाई क्येलं, न्हाई तर मला न्हाई म्हाईत. त्येच्या त्वांडाकडं बगा की."

मी शब्दकोशातून माहिती काढली होती, पण माझ्या डोक्यात उजेड पडला तो त्या वेळी. त्या भाषेत 'आय' म्हणत नाहीत. 'मी' म्हणतात. मी गेलो, मी आलो, मी खाल्लं. आणि नकाराला 'नुह'. इंग्रजीची चार बुकं शिकलेले आम्ही सगळे 'आय डोन्ट नो' शोधत बसलो होतो आणि इंग्रजीचं अक्षर न कळणारा माणूस सरळ आत शिरला होता. "मी म्हंजे मीच की," आबा म्हणाले. "त्यात काय अवगड हाय?" चाचांनी सिनेमा पुन्हा लावला. सिनेमाची गोष्ट मी आधी वाचली होती, त्यामुळे आबा अर्ध्या गोष्टी चुकीच्या सांगत होते, ते मला समजत होतं. पण म्हातारा कधी घाबरला, कधी खोटं बोलला आणि कधी पोलिसाची गंमत केली, हे त्यांनी एकदाही चुकवलं नाही.

त्यानंतर मी एक कथा मराठीत करायला घेतली. डोंगरातल्या शाळेतली एक मास्तरीण पोरांनी घरची भाषा बोलली, की त्यांना उभं करते, अशी. पोराची आजी शाळेत येऊन मास्तरणीशी भांडते. मी आजीचं भांडण मराठीत लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. डोंगरातली अडाणी म्हातारी माझ्या मराठीत जिल्हाधिकाऱ्यासारखी बोलत होती. 'आपण माझ्या नातवास असे वागवणे उचित नाही.' मी वही घेऊन बागेतल्या बाकावर गेले आणि आबांना म्हटलं, "ही आजी काय म्हणेल, सांगा."

सहा आठवडे आम्ही ती आजी लिहीत होतो. आबा बोलायचे आणि मी लिहायची. पहिल्या दिवशी माझा हात दर ओळीला अडखळला. 'न्हाई' लिहिताना तर पेन अक्षरशः थांबलं. मग चालू लागलं. कुणी विचारलं तर मी सांगायची, जमैकाचं काम चाललंय. पण मला तो बाक सोडवत नव्हता, त्याचं कारण जमैका नव्हतं.

सोसायटीत सगळ्यांना वाटतं मी पुण्यातल्या पेठेतली. मी तसं कधी सांगितलं नाही आणि कधी नाकारलंही नाही. मी माणची, इथल्याच शेजारच्या गावची. आता तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा आम्ही माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकवायचो आणि माझी आई डोक्यावर पाटी घेऊन बाजारला जायची. अध्यापक विद्यालयात पहिल्या दिवशी हजेरी घेताना 'मागच्या बाकावर कोण आहे?' असं विचारलं, तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "आमी हाय." सगळा वर्ग हसला. महिन्याभरात मी जीभ घासूनपुसून लख्ख केली. आई भेटायला यायची तेव्हाही मी तिच्याशी तशीच बोलायची. तिने मला एकदा 'अगं' ऐवजी 'अवो' म्हटलं आणि स्वतःच ओशाळली. तिला वाटलं, एवढं चांगलं बोलणाऱ्या बाईला अगं-तुगं कसं करायचं. त्यानंतर चौतीस वर्षं मी लोकांच्या पोरांना तेच केलं. माझ्या हाताखालून किती पोरं शुद्ध होऊन गेली आणि त्यांतल्या किती जणांच्या आया ओशाळल्या, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. आबा बोलायला लागले, की मला आईचा आवाज ऐकू यायचा. हे मी आबांना सांगितलं नाही. लाज वाटली.

एवढं मात्र केलं, की शुद्धाची अट काढून टाकली.

"आबा, कार्यक्रमात तुम्ही बोलायचं. जसं बोलता तसंच."

"हसत्याल."

"नाही हसणार."

"बाई, मला म्हाईत हाय. लगीन असू द्या न्हाई तर मयत, मी त्वांड उगाडलं की नातवंडं येकमेकाकडं बगत्यात. घरात हसत्यात तितं हालमदी न्हाई हसायची?"

"कुणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे," मी म्हणाले. हे मी फार खात्रीने म्हणाले. माझा आवाज चढला, की अध्यक्षसुद्धा बसतात, तर बाकीच्यांची काय कथा.

आबांनी टोपी हातात एकदा फिरवली. मग म्हणाले, "हसलं तर पुन्यांदा मातूर न्हाई बोलायचो. सांगून ठिवतो."

कार्यक्रम जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी झाला. दोन्ही विंगांची माणसं आली होती, कारण शेवटी जेवण होतं. सुना, नातवंडं, शेजारच्या सोसायटीचे स्वित्झर्लंडवाले, सगळे. आधी चार आजोबांनी तिकडच्या गायकांसारख्या लोकरीच्या जटा लावून नाच केला. त्यांतल्या एकाची जट पंख्यात अडकता अडकता राहिली. मग अध्यक्षांनी जमैकाच्या अर्थव्यवस्थेवर पडद्यावर इतकी पानं दाखवली, की लहान मुलं आणि स्वित्झर्लंडवाले झोपले. प्रश्नोत्तरांत एकाने 'तिकडे पनीर मिळतं का' असं विचारलं. आबांना मी पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते खुर्चीच्या काठावर, हात मांडीत घेऊन बसले होते.

त्यांचं नाव पुकारलं. ते उठले आणि ध्वनिक्षेपकापासून लांबच उभे राहिले. खळ्यावर बोलायची सवय, आवाज तसाच पोचला.

"राम राम. मी काय शिकल्याला न्हाई. ह्यी सिनेमातली मानसं मला आमच्यातली वाटली, म्हनून उबा ऱ्हायलो. त्यास्नी दुसऱ्याच्या मुलकात आनून सोडलं. आमाला कुनी कुटं न्हेलं न्हाई. आमी हितंच व्हतो, मुलूखच आमच्या पायाखालनं दुसरीकडं ग्येला. ह्यो हाल हाय, हितं आमचं खळं व्हतं. हितं आमी वाऱ्यावर दानं उपनलं, हितंच भांडलो, हितंच लगनं जमीवली. आता हितं मला बोलाया भ्या वाटतं. त्यांच्या भासेला साहेब मोडकी म्हनलं. मोडकी न्हाई ती. मोडल्याल्या मानसांनी जोडल्याली भासा हाय. येवढंच बोलायचं व्हतं."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा नाही. आधी चाचांनी टाळी वाजवली, मग सगळा हॉल वाजला. आबांची सून डोळ्यांना पदर लावत होती. अध्यक्ष उठून आबांचा हात हातात घेऊन हलवत होते, आणि मला त्या क्षणी अध्यक्षही आवडले. आबा खाली बसले ते खुर्चीत पूर्ण टेकून बसले. मी इतकी आनंदात होते, की सांगता सोय नाही.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. कागद लिहून आणला होता, नेहमीसारखा, एकेक वेलांटी तपासून. समोर आबा बसले होते. मला वाटलं, या माणसाने एवढं केलं आणि आपण या कागदामागे लपणार? मी कागद घडी करून बाजूला ठेवला. ठरवलं, आईच्या बोलीत आभार मानायचे. सगळ्यांसमोर सांगायचं, की मी माणची आहे.

"आमी बी माणचं हाय," मी म्हणाले.

शब्द बरोबर होते. पण पन्नास वर्षांत ते माझ्या तोंडात कधी आले नव्हते. 'हाय' मी नको तितका लांबवला, 'बी' वर भलताच जोर गेला. टीव्हीवरच्या मालिकेत गावची मोलकरीण बोलते ना, तसं ते बाहेर पडलं. मला स्वतःलाही तसंच ऐकू आलं. पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मी घाईने पुढे म्हणाले, "व्हय, खरंच हाय, माजी आय..." आणि हॉल हसायला लागला. मोठ्याने, मनापासून, आबांसाठी दाबून ठेवलेलं असावं तितकं सगळं हसू बाहेर पडलं. नातवंडं खुर्च्या बडवत होती. "वा बाई, काय नक्कल!" कुणीतरी ओरडलं. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "बाई, डिट्टो आबा! तुमच्यात ही कला आहे, हे माहीतच नव्हतं!"

"न्हाई, मी..." मी म्हणाले, तशी हसण्याची आणखी एक लाट आली. शेवटी मी माझ्या नेहमीच्या आवाजात, शाळेतल्या आवाजात कडाडले, "मी नक्कल करत नाही आहे!" हसू थांबलं. पण माझ्या तोंडून आलेलं ते एकच वाक्य त्यांना खरं वाटलं, आणि त्यामुळे आधीची वाक्यं नक्कलच ठरली. आबा मांडीतल्या हातांकडे बघत होते.

जेवणाची रांग लागली. मी गर्दीतून वाट काढत दाराशी पोचले. आबा न जेवता निघाले होते, एका हाताने भिंत धरून चप्पल पायात सरकवत होते.

"आबा," मी म्हणाले, "मी तुमची नक्कल केली नाही हो. माझी आई अशीच बोलायची. मी माणचीच आहे. मला येत होती ती भाषा, लहानपणी. आता येत नाही, आबा. मला खरंच येत नाही."

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. टोपी सारखी केली. मग वर्षभरात माझ्याशी एकदाही जसं बोलले नव्हते तसं, अगदी सावकाश, शब्द निवडून निवडून बोलले.

"नाही, बाई. तसं काही नाही. कार्यक्रम छान झाला."